करंजाच्या तेलावरची गाडी

रविवारच्या पेपरातली ती बातमी आधी अनुपमाने वाचली. शरद कारखानीस मोरीपाशी दाढी करत होते.

"अहो, ऐकलंत का? पोलादपूरच्या एका मुलाने करंजाच्या तेलापासून डिझेल केलंय. त्यावर त्याची इंडिका चालते म्हणे. वीर स्टेशनावरून प्रवासी नेतो, आणि सहा महिने झाले, पंपाकडे फिरकलेला नाही. विनोद ढेबे. तुमच्याच कॉलेजचा आहे की."

ब्लेड हनुवटीपाशी थांबलं. "कोण ढेबे?"

"थांबा, पुढे आहे. 'अकरावीत असताना सरांनी एकदा वर्गात करंजाच्या तेलाचा प्रयोग करून दाखवला होता, तो डोक्यात राहिला, असे ढेबे यांनी सांगितले.' म्हणजे तुम्हीच ते."

"नाव दिलंय माझं?"

अनुपमाने बातमी पुन्हा वरून खाली पाहिली. "नाही. नुसतं सरांनी म्हटलंय."

सरांनी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं आणि पेपर हातात घेतला. गाडीच्या बॉनेटला टेकून उभा असलेला तिशीचा माणूस फोटोत हसत होता. हळूहळू ओळख पटली. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटातल्या धनगरवाडीतून येणारा मुलगा. मागच्या बाकावर बसायचा, पायात पावसाळ्यातही चप्पल नसायची. बारावीला रसायनशास्त्रातच नापास झाला होता. मग आयटीआय करून मुंबईला गेला, असं कुणीतरी सांगितलं होतं. तो परत कधी आला हे सरांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

आता मात्र त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. कारण करंजाचं तेल हा सरांचा जुना विषय होता. एम.एस्सी. झाल्यावर त्यांना त्यावरच संशोधन करायचं होतं. कोकणात ओढ्याकाठी, बांधावर, देवळामागे करंज उभा असतो, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत, त्याच्या बियांतलं तेल इंजिनाला चालेल असं करायचं. मुंबईतल्या मार्गदर्शकांनी हसून विषय बदलायला सांगितला. सरांनी विषय बदलला नाही आणि पीएच.डी.ही केली नाही. वडील आजारी होते, महाडला नोकरी होती, ते परत आले. त्या काळची टिपणं एका फाइलीत कपाटात होती. ब्याण्णव साली एका तासाला, पोर्शन संपला म्हणून, त्यांनी मुलांना बाटलीत तो प्रयोग दाखवला. तेल, मिथेनॉल, कॉस्टिक सोडा. बाटलीत दोन थर झाले, वर पिवळा, खाली काळपट. मुलं हो हो म्हणाली आणि घंटा झाली.

त्यातल्या एकाने ते खरंच केलं होतं, आणि पेपरात सरांचं नाव नव्हतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये तेच. "कारखानीस, विद्यार्थ्याने नाव काढलं हो तुमचं." "अहो, बारावी नापास पोरगा. आपण पीएच.डी.वाले काय करतोय?" लोक कौतुकानेच बोलत होते. सरांना प्रत्येक वाक्य बोचत होतं. त्यांना वाटलं, त्या गाडीत काहीतरी खोट असणार. पोराला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला हे जमेल कसं? बुधवारी तास नव्हते. सर एसटीने पोलादपूरला गेले. अनुपमाला सांगितलं, शाबासकी द्यायला जातोय.

विनोदचं गॅरेज हायवेला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. मागे निळे ड्रम ओळीने मांडलेले. दारात एक म्हातारी सुपात करंजाच्या बिया निवडत बसली होती. ती विनोदची आई, जनी. सरांचं नाव ऐकताच ती सूप बाजूला ठेवून उठली.

"या सर, या. इनोद तुमचंच नाव घेतो उठल्यासुटल्या. माज्या पोराला तुमी शिकवलात, त्याचं सोनं झालं."

विनोद गाडीखालून सरकत बाहेर आला, हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. "सर, मीच येणार होतो. पेपरवाल्याला तुमचं नाव सांगितलं होतं मी, कारखानीस सर म्हणून. त्यानं ते लिवलंच नाय. मला लय वाईट वाटलं."

खरंच वाईट वाटल्यासारखा त्याचा चेहरा होता. तो तसा नसता, तर सरांना बरं वाटलं असतं.

विनोदने सगळं दाखवलं. आई आणि वाडीतल्या बायका उन्हाळ्यात बिया वेचून आणतात. तेल गाळायचं, तापवायचं, कॉस्टिक मिथेनॉलमध्ये विरघळवून सोडायचं, ढवळायचं. "तुम्ही म्हणाला होतात सर, तेल आंबट असेल तर कॉस्टिक जरा जास्त लागतं. ते मी कधी विसरलो नाय. मुंबईत गॅरेजला होतो तेव्हा रविवारी बाटलीत करून बघायचो. मालक म्हणायचा, पागल हो गया है." मग खालचं काळं ग्लिसरीन सोडून द्यायचं, वरचं डिझेल पाण्याने धुऊन काढायचं, की कॉस्टिकने तयार झालेला त्यातला साबण निघून जातो.

सरांनी चूक शोधत शोधत ऐकलं. एकही सापडली नाही. प्रमाणं बरोबर होती, क्रम बरोबर होता, काही ठिकाणी तर त्यांना स्वतःला सुचलं नसतं असं काही त्याने केलं होतं. जुन्या प्रेशर कुकरच्या भांड्यातून त्याने मिथेनॉलची वाफ परत गोळा करायची सोय केली होती. बावीस वर्षं कपाटात पडलेली फाइल त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"एवढंच जमत नाय सर," विनोद एक बाटली उजेडाकडे धरत म्हणाला. "दोन दिवस ठेवलं तरी गढूळ राहतं. फिल्टर पण लवकर जातो. सपाटीला चालून जातंय. पण काय चुकत असेल?"

बाटलीत पिवळ्या रंगावर दुधासारखी झाक होती. सरांनी ड्रमांकडे पाहिलं. त्यांच्या शेजारी गोणपाटात गुंडाळलेले पाण्याचे चार कॅन होते.

"धुवायला पाणी कुठलं वापरतोस?"

"सवचं. अंगदुखीवाले पॅसेंजर घेऊन जातो ना मी सवला, गरम पाण्याच्या आंघोळीला. येताना कुंडावरून कॅन भरून आणतो. गोणपाट बांधलं की इथं येईपर्यंत कोमट राहतं. कोमट पाण्यानं धुतलेलं चांगलं, आणि लाकडं पण जाळायला नकोत."

सरांना उत्तर त्याच क्षणी कळलं. महाड तालुक्यात हे उत्तर त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. दर वर्षी अकरावीच्या प्रॅक्टिकलला ते तीन बाटल्या मांडत. एकीत नळाचं पाणी, एकीत विहिरीचं, एकीत सवच्या कुंडाचं. तिन्हींत साबण घालून हलवायचं. सवच्या पाण्याला फेस येत नसे, पांढरा साका धरत असे. खनिजं फार त्या पाण्यात. विनोद डिझेलमधला साबण धुऊन काढायच्या ऐवजी त्याचा न विरघळणारा चिकट साका करून तो तिथेच ठेवत होता. विहिरीचं पाणी वापर, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द.

ते तीन शब्द सरांच्या ओठांपर्यंत आले. आणि त्याबरोबरच त्यांना पुढचा पेपर दिसला, पुढचा फोटो दिसला, त्याच बॉनेटला टेकलेला.

"थंडी पडायला लागली ना," ते म्हणाले. "करंजाचं तेल थंडीत गढूळतंच. त्याचं काही विशेष नाही."

विनोदचा चेहरा सैल झाला. "तुम्ही म्हणालात म्हणजे टेन्शन संपलं सर. मी उगाच घाबरत होतो."

जनीने पितळी पेल्यातून चहा आणला. सरांनी तो कसाबसा संपवला. परतीच्या एसटीत ते स्वतःशी बोलत राहिले. थंडीत गढूळतं हे खोटं थोडंच आहे? थोडंफार गढूळतंच. आणि आपण काही त्याच्या कारखान्याचे केमिस्ट नाही. महाड येईपर्यंत त्यांनी स्वतःला बरंचसं पटवलं होतं.

पंधरा दिवसांनी विनोद स्वतः घरी आला, पेढे घेऊन. कृषी खात्याच्या नव्या अधिकारी, वैदेही मोहिते, त्याची गाडी बघणार होत्या. शनिवारी पोलादपूरपासून घाटाच्या माथ्यापर्यंत गाडी न्यायची. ती नीट चढली तर वाडीतल्या बायकांच्या गटाला तेलाचा घाणा द्यायचं त्या बघणार होत्या. पेपरवालाही येणार होता.

"सर, पुढच्या सीटवर तुम्हीच बसायचं. या वेळी तुमचं नाव मी त्याच्याकडनं लिहून घेणार, माझ्यासमोर."

अनुपमाला भरून आलं. "बसतील रे, का नाही बसणार? पण गाडीत काही अडचण नाही ना? घाट आहे तो."

"सरांनी बघून दिलंय की सगळं," विनोद म्हणाला.

अनुपमाने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. सर पेढ्याचा कागद दुमडत होते. तो एवढासा कागद त्यांनी चार वेळा दुमडला. अजूनही सांगता आलं असतं. चार दिवस हातात होते, नवीन पाण्याने धुऊन एक डबा सहज तयार झाला असता.

"येतो मी," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी पाच जण गाडीत बसले. पुढे विनोद आणि सर, मागे मोहिते बाई, बातमीदार आणि जनी. जनीने इरकली लुगडं नेसलं होतं. वाडी घाटातच असल्यामुळे तिचा सगळा जन्म तो रस्ता पायी किंवा एसटीने चढण्यात गेला होता, मुलाच्या गाडीतून ती पहिल्यांदाच वर जात होती. गाडीच्या धुराला भजी तळल्यासारखा वास होता, त्यावर मोहिते बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या प्रश्न विचारत होत्या, विनोद उत्तरं देत होता. सरांना कुणी काही विचारलं नाही. विनोदने दोनदा "हे सरांनीच शिकवलं" म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा बाई "अच्छा" म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न पुन्हा विनोदलाच विचारला.

कापडे गाव मागे पडलं. चढ लागला, पहिलं वळण झालं, दुसरं झालं. गाडी छान खेचत होती. सर काचेतून दरीकडे बघत होते आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण इंजिनाकडे कान लावून बसलोय. ती अडखळावी म्हणून वाट बघतोय. पाठीमागे जनी मोहिते बाईंना आपली वाडी बोटाने दाखवत होती, "ती तितं, कौलं दिसतात ती." सरांना स्वतःची शिसारी आली. तरी कान तिथून हलले नाहीत.

पाचव्या वळणावर गाडीने आचका दिला. विनोदने गिअर खाली घेतला. आणखी दोन आचके, आणि ऐन चढावर इंजिन बंद पडलं. विनोदने ब्रेक दाबून धरला. कुणी काही बोलायच्या आत जनी उतरली, रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला.

"करंजाला घाट मानवत नाही वाटतं," बातमीदार म्हणाला.

मोहिते बाई हसल्या नाहीत. अर्धा तास त्या उन्हात थांबल्या, विनोदची धडपड बघितली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "विनोदराव, प्रयत्न चांगला आहे. पण यावर मला आत्ता वर काही लिहिता येणार नाही." खाली जाणारी एक जीप आली, तिच्यात त्या आणि बातमीदार बसून गेले.

आता सरांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला, खोटं कशाला बोला. जीप वळणाआड जाईपर्यंत तो होता.

विनोदने फिल्टर उघडला होता. आत पांढरट पिवळा चिकट गोळा भरला होता. त्याने तो बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. पाण्याची बाटली ओतून बघितली, तरी तो विरघळला नाही. बराच वेळ तो बोटांकडे बघत राहिला.

"सर, हा साबण हाय."

सरांनी फिल्टरकडे पाहिलं.

"साबण हाय, पण फेस येत नाय. साका झालाय." तो सावकाश बोलत होता, पाठ केलेलं आठवावं तसा. "अकरावीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही तीन बाटल्या ठेवल्या होत्या. तिसरीत असंच झालं होतं. सवचं पाणी होतं त्यात." तो वळला. "सर, तुम्हीच दाखवलं होतं ते."

"हो."

"त्या दिवशी कॅन बघितले होते ना तुम्ही? मी सांगितलं पण होतं, सवचं पाणी म्हणून."

खाली दरीत कुठेतरी गुरं हाकल्याचा आवाज येत होता. लक्षात आलं नाही म्हटलं असतं तर विनोदने मानलं असतं. सरांना ते ठाऊक होतं. पण त्याच्या बोटांवरच्या त्या गोळ्याकडे बघून त्यांना तेवढंही बोलवेना.

"बघितले होते. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग का नाय सांगितलंत?"

"तुझं नाव पेपरात आलं म्हणून," सर म्हणाले. "माझं होतं ते, असं वाटलं मला. तू केलंस, मी नाही केलं. ते सहन झालं नाही."

धोंड्याजवळ उभी असलेली जनी पुढे आली. "काय म्हनतात सर?"

"काय नाय आये," विनोद म्हणाला. "पाणी चुकलं. माझंच चुकलं."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. डिकीत नवा फिल्टर होता आणि अडीअडचणीसाठी ठेवलेला पंपावरच्या डिझेलचा डबा होता, बाईंसमोर तो काढायचं विनोदच्या मनाला पटलं नव्हतं. विनोदने फिल्टर बदलला, हवा काढली, गाडी चालू केली. जनी वाडीच्या पायवाटेने वर निघून गेली. दोघे घाट उतरले. पोलादपूरच्या स्टँडसमोर गाडी थांबली.

"इथनं एसटी मिळेल सर."

त्या संध्याकाळी सरांनी अनुपमाला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पाटावर बसली. मग तिने एकच विचारलं, "त्या पहिल्या बातमीत तुमचं नाव असतं, तर सांगितलं असतंत त्याला?"

सरांनी विचार केला. "बहुतेक."

"एवढ्यासाठी," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. पुढचे कित्येक दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

सरांनी मोहिते बाईंना सविस्तर पत्र लिहिलं. दोष करंजाच्या डिझेलचा नाही, धुण्याच्या पाण्याचा आहे, तो मला आधीपासून माहीत होता आणि मी मुद्दाम सांगितला नाही. खाली सही केली. दोन ओळींचं उत्तर आलं, की यंदाच्या यादीत आता बदल होणार नाही, पुढच्या वर्षी पाहू. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. घाणा आला नाही. बातमीदाराने पत्राची प्रत घेतली, छापली मात्र काही नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीची चौकट त्याने आधीच छापली होती.

त्याआधी, जानेवारीतच, सर पुन्हा पोलादपूरला गेले. बरोबर एक खोका होता. त्यात त्यांचा स्वतःचा ब्युरेट, थोडी रसायनं, आणि तेलाची आम्लता कशी मोजायची ते मराठीत लिहिलेले चार कागद. सगळ्यात खाली ती जुनी फाइल. विनोद एका ट्रकखाली होता. त्याने मान बाहेर काढली, खोका पाहिला.

"ठेवा तिकडं," तो म्हणाला आणि परत आत गेला.

पुढे महिनाभर काही कळलं नाही. मग एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात जनी उभी. पिशवीत तीन बाटल्या, कागदाच्या बुचाच्या. "इनोदनं दिल्यात. तपासून पायजेत म्हनला." सरांनी बाटल्या उजेडात धरल्या. तिन्ही स्वच्छ होत्या, आरपार दिसत होतं. जनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली, सरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी बाटल्या यायला लागल्या. कधी जनी आणायची, कधी वाडीतली मंजुळा. विनोद स्वतः कधी आला नाही.

त्याच्या बातम्या मात्र सरांपर्यंत येत होत्या. मार्चमध्ये गाडी घाट चढून महाबळेश्वरला जाऊन आली. पनवेलहून त्याने जुना घाणा आणला. वीर स्टेशनावरचे आणखी दोन गाडीवाले त्याच्याकडूनच डिझेल घ्यायला लागले. यातलं काहीही पेपरात आलं नाही. सरांना प्रत्येक वेळी आनंद होई, आणि त्या आनंदाच्या आत ती जुनी कळ येई. ती जाईल अशी त्यांनी वाट पाहिली. ती गेली नाही. तिच्यासकट ते बाटल्या तपासत राहिले.

मे महिन्यात जनी एक चिठ्ठी परत घेऊन आली. सरांनी लिहिलेला आम्लतेचा आकडा होता दोन पॉइंट सहा. त्यावर काट मारून पेनाने लिहिलं होतं, 'सर, मी तीनदा काढला. दोन पॉइंट एक येतो. बघा.'

सरांचे कान तापले. बारावी नापास झालेला मुलगा त्यांच्या आकड्यावर काट मारत होता. जनीला बाकावर बसवून त्यांनी दार लोटून घेतलं आणि उरलेल्या नमुन्याचं मोजमाप पुन्हा केलं. दोन पॉइंट सहा. बरं वाटलं. पुन्हा केलं, तेच. मग त्यांची नजर मांडणीवरच्या कॉस्टिकच्या द्रावणावर गेली. ते दिवाळीच्या सुट्टीआधी केलेलं होतं. सैल बुचातून हवा लागून ते कधीच उतरलं असणार, आणि उतरलेलं द्रावण जास्त लागतं, आकडा फुगतो. हे त्यांनी वर्गात शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी वजन करून थोडं ताजं द्रावण केलं, त्याची ताकद तपासून घेतली आणि थेंब थेंब सोडत बसले. गुलाबी रंग लवकर आला.

दोन पॉइंट एक.

बाहेर जनी कुणाशी तरी बोलत होती. त्यांनी चिठ्ठी घेतली, विनोदच्या आकड्याखाली लिहिलं, '२.१ बरोबर. माझं द्रावण जुनं होतं,' आणि सही केली.

"झालं का सर?" जनीने विचारलं. "बरोबर हाय ना त्याचं?"

"हो," सर म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "त्याचंच बरोबर आहे."

जनीने चिठ्ठी दुमडून कमरेच्या चंचीत ठेवली आणि एसटी गाठायला निघाली. सरांनी आत येऊन मांडणीवरचं जुनं द्रावण मोरीत ओतलं, बाटली तीन पाण्यांनी विसळली आणि ती भरण्यासाठी ताजं कॉस्टिक तोलायला तराजू पुढे ओढला.